काठापर्यंत आलेलं पाणी

ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेला निघाले आणि मारवाडात त्यांना तहान लागली, ही गोष्ट आमच्या घरात कार्तिकी जवळ आली की दरवर्षी सांगितली जाते. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. दोर नाही, पोहरा नाही. ज्ञानदेव योगी. त्यांनी लघिमा सिद्धीने देह हलका केला, आत उतरले, पाणी प्यायले, वर आले आणि नामदेवांना म्हणाले, तुमच्यासाठीही आणतो. नामदेवांनी नको म्हटलं. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली, आणि तळाचं पाणी चढत चढत काठावरून वाहू लागलं. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने ही कथा घरोघरी नेली. चरित्रकार ती विहीर बिकानेरजवळ कोलायतच्या बाजूला असल्याचं सांगतात.

कीर्तनात या कथेचा निवाडा ठरलेला असतो. ज्ञानापेक्षा भक्ती थोर. ज्ञानदेव एकटे प्यायले, नामदेवांनी पाणी वर आणलं. मला तो निवाडा कधीच पटला नाही. ज्यांनी ग्रंथ पुरा झाल्यावर स्वतःसाठी काही न मागता साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितलं, त्यांना एकट्याने पाणी पिणारे कसं म्हणायचं? आणि ती दोघं मुलंच होती. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, नामदेव त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठे. आमच्या लाइनवर येणारे ट्रेनी याच वयाचे असतात. तीर्थावळीच्या अभंगांत पांडुरंग स्वतः नामदेवांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो, वाटेत याला सांभाळ म्हणतो, आणि नामदेव पंढरी मागे पडली म्हणून कासावीस होतात. लेकरांना घेऊन लांबच्या वाटेला लागलेल्या कुणालाही हे वाचताना गलबलून येईल.

मी मोशीला राहते आणि चाकणच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटीत काम करते. माल रिजेक्ट झाला की आमच्याकडे पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे, तिला सगळे ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, ऑपरेटरवर बोट ठेवून कागद बंद करायचा नाही. ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली आहे. देवाच्या गोष्टीतही मी पहिल्या उत्तरावर थांबू शकत नाही, आणि माझी मोठी लेक तर त्याहून थांबत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गाडी घेऊन निघालो ते सासूबाईंच्या श्राद्धासाठी. आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, इच्छा होती की मुलाने आईचं श्राद्ध सिद्धपूरला करावं. गुजरातेत, पाटण जिल्ह्यात, सरस्वतीच्या काठी हे मातृगयेचं ठिकाण. आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं तिथे जातात. तिथून पुढे वाळवंट फार लांब राहत नाही, आणि दोन्ही मुलांना वाळू बघायची होती. आबा म्हणाले, एवढं आलोच तर नामदेवरायाच्या विहिरीचा मुलूखही बघू. सुटीच्या आठवड्यात जेवढं बसलं तेवढं बसवलं.

सिद्धपूरच्या बिंदू सरोवराशी नवरा पिंडदानाला बसला होता तेव्हा आबांनी नातवंडांना कपिलमुनींची कथा सांगितली. इथेच कपिलाने आपल्या आईला, देवहूतीला, उपदेश केला अशी श्रद्धा आहे. मुलाने आईला शिकवायचं, हे धाकट्याला भलतंच आवडलं. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात तो संवाद आहे आणि त्यातली एक गोष्ट मला फार वर्षांपासून छळते. कपिल आईला सांगतो की, सर्व भूतांमध्ये जो मी आहे त्याची अवहेलना करून जो नुसती मूर्ती पुजतो, तो राखेत आहुती टाकतो. हाच कपिल सांख्य दर्शनाचा आद्य आचार्य मानला जातो, आणि ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त ईश्वराची गरजच भासत नाही, तिथे सुरुवात देवापासून होत नाही, माणसाच्या तीन तऱ्हांच्या दुःखापासून होते. एका नावाखाली भक्ती आणि निरीश्वर विचार दोन्ही नांदतात, आणि दोन्ही माणसाच्या तळमळीपाशी येऊन उभे राहतात. मला हे मोठं आश्वासक वाटतं.

पालीहून जोधपूरकडे जाताना ओम बन्नांचं ठाणं लागतं. 1988 मध्ये त्या रस्त्यावर एका तरुणाचा मोटारसायकलवर अपघाती मृत्यू झाला. त्याची बुलेट काचेच्या आड ठेवलेली आहे आणि ट्रकवाल्यांपासून वऱ्हाडापर्यंत सगळे तिथे थांबून हात जोडतात. धाकट्याने विचारलं, गाडीत देव असतो का? आमचा भाग गाड्या बनवणाऱ्यांचा. खंडेनवमीला प्रेसवर, लेथवर, सीएनसीवर हळदकुंकू वाहिलं जातं, झेंडूची माळ चढते, शिफ्टच्या सगळ्यांना पेढे मिळतात. त्यामुळे त्याला ते विचित्र वाटलं नव्हतं, त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती. आबांनी त्याला विसोबा खेचरांची कथा सांगितली: पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या गुरूने नामदेवांना म्हटलं, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. पोराने क्षणभर विचार करून बुलेटला नमस्कार केला आणि मग गाडी राखणाऱ्या माणसालाही केला. कपिलाची अट त्याने न शिकवता पाळली.

जोधपूरच्या पुढे हिरवं कमी होत जातं. मुलांबरोबरच्या प्रवासात थांबे माणूस ठरवत नाही, मुलांची पोटं ठरवतात. एकाला मळमळलं, एकाला शू लागली, पाण्याची बाटली उन्हात तापली म्हणून कुणी ती प्यायला तयार नाही. असं थांबत थांबत रामदेवरा गेलं, फलोदी गेली, बाप नावाचं गाव गेलं (या नावावर दोघं बराच वेळ हसत होती). सावली म्हणजे खेजडी. हीच खरी शमी, दसऱ्याला आपण जिला पुजतो ती. आपल्याकडे ती शोधावी लागते, तिथे ती वाटेवर उभी असते आणि तिच्याखाली शेळ्या, माणसं, थांबलेले ट्रक सगळे मावतात. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिष्णोई समाजातली बायका-माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली; 363 जणांनी प्राण दिले. मोठीला मी हे झाडाखालीच सांगितलं. ती उठली आणि खोडाला हात लावून आली.

फलोदी सोडल्यावर एका थांब्याला रस्त्याकाठी प्याऊ होती. झोपडीवजा आडोसा, आत माठ, आणि एक म्हातारे गृहस्थ रामझाऱ्याने, म्हणजे लांब तोटीच्या भांड्याने, येणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतत होते. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. धाकटा ओंजळीतलं अर्धं सांडत होता, तरी ते शांतपणे पुन्हा ओतत राहिले. सांडू नको, असं मीच त्याला म्हणाले. ज्या मुलखात पाऊस इतका तोकडा, तिथे आमच्या पोराने सांडलेल्या पाण्याची मला लाज वाटत होती.

गाडीत परत बसल्यावर आबांनी विहिरीची कथा सांगितली आणि मोठीने विचारलं, “आबा, नामदेवांनी हाक मारल्यावर पाणी वर आलं. मग इथल्या डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बायका हाक मारत नसतील का?”

या प्रश्नाला तीन उत्तरं नेहमी दिली जातात आणि तिन्ही मला नकोत. त्यांची श्रद्धा कमी पडली, हे पहिलं. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा, छप्पनिया दुष्काळ मारवाडात माणसं आणि गुरं गिळून गेला. त्यात मेलेल्या आईची श्रद्धा कमी होती असं म्हणायला जीभ कशी रेटते? पूर्वजन्मीचं कर्म, हे दुसरं. तहानलेल्या पोरासमोर हे उत्तर उच्चारून बघावं, म्हणजे त्याचा क्रूरपणा कळतो. तिसरं, हे सगळं थोतांड आहे, पाणी कधी वर आलंच नव्हतं. भौतिकशास्त्राच्या अंगाने ते बरोबर असेल. पण सातशे वर्षं लोकांनी ही कथा जपली ती पाण्याची पातळी मोजायला जपलेली नाही, आणि ते उत्तर ऐकूनही बाई डोक्यावर हंडा घेऊन चालतच राहते.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाळा, आपल्या देहूला पण पाणी आलं नव्हतं.”

ते तुकोबांबद्दल बोलत होते. 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बसला. विठ्ठलाचं देऊळ घरचं, पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. तरी पाऊस आला नाही. तुकोबांनी काय केलं? घरची सावकारी होती. भावाच्या वाट्याची कर्जखतं त्याला देऊन त्यांनी आपल्या वाट्याची सगळी इंद्रायणीत बुडवली. मग ते भामचंद्र आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. भामचंद्राचा डोंगर चाकणच्या कारखान्यांच्या अंगणातच आहे. आमच्यातले कितीतरी लोक कामावर जाताना तो रोज बघतात. आबा मोठीला म्हणाले, “ज्याची हाक ऐकली गेली नाही, त्याने दुसऱ्याची ऐकली.”

त्यांचं हे वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवते आहे, आणि माझं म्हणणं आता सरळ सांगते. पाऊस का पडत नाही, निष्पाप माणूस तहानेने का मरतो, याचा जाब देवाकडे मागावाच. नामदेव तर त्याच्याशी भांडत असत. पण ‘देवाने ऐकलं नाही’ असं म्हणताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. तहानेची हाक फक्त आकाशात जात नाही. ती वाटेवरच्या, ऐकू येण्याइतक्या अंतरावरच्या प्रत्येक माणसाच्या कानी पडते. देव जर सर्व भूतांत असेल, तर न ऐकणाऱ्यांच्या यादीत आपलंही नाव आहे. त्या कथेतला मला दिसणारा चमत्कार पाणी चढण्यात नाही. ते काठावर आलं, दोर नसलेल्याला, सिद्धी नसलेल्याला, मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही ओंजळीने घेता येईल इतकं आलं, यात आहे. विद्येच्या बळावर एकाला तळाशी पोहोचता येतं, आणि त्या विद्येचा मला आदरच आहे, पोट तिच्यावरच चालतं. पण प्रार्थना खरी ठरते ती पाणी काठाला आलं तर.

इथेही थांबून चालणार नाही. पाणी काठोकाठ असतं आणि तरी सगळ्यांचं नसतं. महाडचं चवदार तळं भरलेलंच होतं. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता, पण 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्यासाठी मार खावा लागला. न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. त्या प्याऊवरच्या रामझाऱ्याची लांब तोटीदेखील निर्मळ नाही. माठाला, भांड्याला कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून वरून ओतण्याची रीत आपल्या दोन्ही मुलखांत होती. त्या गृहस्थांच्या मनात तसं काही नव्हतं, याची मला खात्री वाटते. भांड्याचा आकार मात्र जुनी गोष्ट सांगतो. आबांना त्यांच्या गावच्या आडावर वरून पाणी वाढण्याची वाट बघत बसलेल्या बायका आठवतात. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला महाद्वाराशी आणल्या त्या नामदेवांनीच. म्हणून मला वाटतं, विहीर काठाला आणणाऱ्याला काठावर कोण कोण येऊ शकतं हेही ठाऊक होतं.

कोलायत बिकानेरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. कपिल सरोवर, भोवती घाट, वड-पिंपळ. हीदेखील कपिलमुनींची तपोभूमी, कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. सिद्धपूरला आईपाशी सोडलेला मुनी पुन्हा इथे भेटला, याचं मुलांना मोठं नवल. आम्ही घाटावर बराच वेळ बसलो. आबांनी हरिपाठ म्हटला. मी त्या भागातल्या कुंईंबद्दल मुलांना सांगत होते. अनुपम मिश्रांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या 1995 च्या पुस्तकात त्यांचं सुंदर वर्णन केलं आहे. जमिनीखालचं खोल पाणी खारं. पण काही जागी वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, थर असतो. पावसाचा ओलावा त्या थरावर अडतो आणि खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे अरुंद तोंडाची कुंई खणतात. वाळूच्या कणाकणातून पाणी झिरपून दिवसभरात दोन-तीन घागरी जमतात. खणणारा आत घामाने निथळतो, त्याला हवा मिळावी म्हणून वरून मुठीमुठीने वाळू फेकत राहतात. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अशी की कुंई घराची असली तरी ती गावाच्या सामाईक जमिनीत असते. ओलावा सगळ्यांचा आहे, म्हणून नवी खणायची तर गावाची संमती लागते. वाळूतलं गोड पाणी काठापर्यंत आणणारी ही माणसं आहेत. त्यांना कुठली सिद्धी नव्हती, एकमेकांचा विचार होता.

आता त्या भागात कालव्याचंही पाणी येतं. 1958 मध्ये काम सुरू झालेला इंदिरा गांधी कालवा पंजाबात हरिके इथे, सतलज आणि बियासच्या संगमाशी, सुरू होतो आणि थारमध्ये उतरतो. कोलायतकडे ते पाणी उपसा योजनेने चढवलं जातं. नामदेवांनी आयुष्याची शेवटची वर्षं पंजाबात घुमानला काढली, रावी आणि बियासच्या मधल्या मुलखात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदं आहेत. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं आणि पुढचं, 2016 चं, आमच्या पिंपरी-चिंचवडला. तर नामदेव जिथे म्हातारे झाले त्या बाजूच्या नदीचं पाणी आज त्यांच्या विहिरीच्या मुलखात पंपाने वर चढतं. याला मी दैवी संकेत म्हणणार नाही. पण मोठीने जेव्हा विचारलं, “म्हणजे पाणी आलंच की, उशिरा का होईना?” तेव्हा मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. ते आणायला हजारो मजूर राबले, हेही तिला सांगितलं.

परत आलो तर कार्तिकी तोंडावर होती, आणि इंद्रायणीवर पांढरा फेस.

हे दृश्य आळंदीच्या आसपास राहणाऱ्यांना नवीन नाही. मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत येतं, फेसाचे ढीग घाटाला लागतात, आणि परभणीहून, बीडहून पायी आलेली आजी तो हाताने बाजूला सारून तीर्थ म्हणून आचमन करते. तुकोबांनी ज्या नदीत दुसऱ्याचं कर्ज बुडवलं, तिच्यात आपण आपली घाण बुडवतो. मारवाडातला म्हातारा थेंब जपून वाटसरूला देतो आणि आपण वाहती नदी वारकऱ्याला विष करून देतो. याहून मोठा अधर्म मला सुचत नाही, आणि त्याला कुठल्याही देवळातलं प्रायश्चित्त पुरणार नाही. पवनेच्या बंद जलवाहिनीच्या वादात 9 ऑगस्ट 2011 ला मावळात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. ते पाणी आमच्या शहरासाठीच यायचं होतं. 2019 च्या अखेरीपासून आम्हाला एक दिवसाआड पाणी येतं आणि आम्ही कुरकुरतो. ज्यांच्या शिवारातून ते येतं त्यांची हाक आमच्या कुरकुरीत बुडून जाते. पाणी काठाला आलं पाहिजे ते त्यांच्याही.

चाकण, तळवडे, चिखली, भोसरी इथे काम करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपण प्लेटिंग, फॉस्फेटिंग, पेंट शॉपमध्ये काम करत असाल, मेंटेनन्सला असाल, खरेदीत असाल, तर आपल्या कंपनीचं आणि जिला आपण काम देता त्या छोट्या वर्कशॉपचं सांडपाणी कुठे जातं, ते विचारा. ईटीपी आहे का, आणि असेल तर ती रात्रपाळीतही चालते का, हे विचारा. पहिल्या उत्तरावर थांबू नका, पाच वेळा विचारा. सोसायटीत राहत असाल तर एसटीपीचं तेच विचारा. आणि हे कार्तिकी एकादशीच्या आधी विचारा, कारण त्या दिवशी लाखो माणसं त्या पाण्यात उतरतात.